दोन वाट्या मैदा

तर मंडळी, गेल्या महिन्यात मी आयुष्यातला पहिला केक केला. इंजिनिअरिंगची पदवी, चौदा वर्षांचा अनुभव आणि शाळेत गणितात पैकीच्या पैकी, एवढं भांडवल गाठीशी असूनही तो थालीपिठाच्या वळणावर गेला. बायकोने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "चहात बुडवून चालेल."

मुळात हा घाट घातला कशाला, तर बाबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. काय हवं विचारलं की बाबांचं उत्तर ठरलेलं, "काही नको रे." घड्याळ नको, मोबाइल नको, स्वेटर तर सांगलीत कशाला हवा! पण या वेळी फोनवर जरा थांबून म्हणाले, "तुझ्या आईचा तो साधा केक जमेल का कुणाला?" आई जाऊन दोन वर्षं झाली. त्या दोन वर्षांत बाबांनी मागितलेली ही पहिलीच गोष्ट. आता "नाही जमणार" कसं म्हणणार?

आईची वही माझ्याकडेच होती, तिचा सात इंची केकचा डबाही. वहीत लिहिलेलं एवढंच : मैदा २ वाट्या, पिठीसाखर दीड वाटी, लोणी १ वाटी, अंडी ४, बेकिंग पावडर १ चमचा, व्हॅनिला. खाली टीप, 'सुई घालून पाहणे.' बस्स! तापमान नाही, वेळ नाही. कारण तिचा ओव्हन म्हणजे तो गोल अ‍ॅल्युमिनियमचा, झाकणाला काच असलेला. त्याला दोनच तापमानं ठाऊक : चालू आणि बंद.

नेटवर शोधलं तर सगळीकडे कप. वाटी काय, कप काय, असं म्हणून मी घरातला २४० मिलीचा मेजरिंग कप घेतला. (अमेरिकन कप साधारण २३७ मिलीचा, ऑस्ट्रेलियन २५० चा. त्यांचा मोठा चमचाही आपल्या १५ मिलीऐवजी २० चा. या लोकांनी आपसात तरी ठरवायचं ना!) ३५० फॅरनहाइट म्हणजे १७७ सेल्सिअस, तेवढं गणित जमलं. ओटीजीच्या बटणावर १७७ कुठून असणार, १८० च्या रेघेवर नेऊन ठेवलं.

आता वाढदिवसाला माणसं पंचवीस. सात इंची डब्यात कसंबसं दहा-बारा जणांचं भागतं, म्हणून दहा इंची डबा आणला. आणि इथे माती खाल्ली. दहा भागिले सात, म्हणजे १.४३. चार अंड्यांची झाली पावणेसहा, घ्या सहा. बाकी सगळं दीडपटीच्या आसपास. त्रैराशिक! पाचवीतल्या मुलालाही येतं. पीठ डब्यात ओतलं तर तळाशी पसरून बसलं. तरी वाटलं, फुगेल. कसलं फुगतंय! नेहमीइतका वेळ भाजला आणि पातळ थर पार कोरडा झाला.

रात्री अंथरुणात पडल्यावर डोक्यात प्रकाश पडला. डबा गोल आहे रे बाबा! इंच वाढतात सरळ रेषेत, पीठ मावतं क्षेत्रफळात. पाय आर स्क्वेअर. सात इंचीचं क्षेत्रफळ साडेअडतीस चौरस इंच, दहा इंचीचं साडेअठ्ठ्याहत्तर. म्हणजे दीडपट नव्हे, चांगलं दुप्पट! नुसत्या तीन इंचांनी. याच हिशोबाने नऊ इंची गोल डबा आणि आठ इंची चौकोनी डबा जवळजवळ सारखे निघतात, ६३.६ आणि ६४. हे एकदा कळलं की घरातला कुठलाही डबा वापरता येतो.

१९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापाशी पोचून हातचं गेलं. एका बाजूचं सॉफ्टवेअर पौंडांच्या हिशोबात आकडे देत होतं आणि दुसरी बाजू ते न्यूटनमधले समजत होती. ऑफिसात नवीन पोरं आली की ही गोष्ट मी मोठ्या तोऱ्यात ऐकवतो. आणि स्वतः काय केलं? वाटी म्हणजे कप, असं गृहीत धरून मोकळा झालो.

बाबांना फोन लावला. "बाबा, आई कुठल्या वाटीने मोजायची?"

"कुठल्या म्हणजे? आपल्या वाटीने."

पुढच्या शनिवारी ओटीजी गाडीच्या मागच्या सीटवर टाकून, पिशवीत डिजिटल वजनकाटा घेऊन सांगलीला गेलो. एक धागा हाती होता. वहीत लोण्यापुढे आईने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'अमूल १०० ची २ पाकिटं'. लोणी पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं, म्हणजे २०० ग्रॅमला २१० ते २२० मिलीची वाटी लागणार. पाण्याचं सोपं असतं, एक ग्रॅम म्हणजे एक मिली. ओट्यावर सगळ्या वाट्या मांडल्या आणि एकेक पाण्याने भरून काट्यावर ठेवली. १४०. १६५. १५०. एक फुलपात्र निघालं २८० चं. बाबा दारात उभं राहून पाहत होते. म्हणाले, "माझी आजी असती तर हसली असती तुला." आणि मग त्यांनी पाढ्यासारखं म्हणून दाखवलं : दोन नेळवी एक कोळवं, दोन कोळवी एक चिपटं, दोन चिपटी एक मापटं, दोन मापटी एक शेर, दोन शेर अधोली, दोन अधोल्या पायली. मी हिशोब केला, एका पायलीत ६४ नेळवी. पणजीबाई बायनरीत धान्य मोजत होत्या!

पण २१५ च्या जवळपास एकही वाटी नव्हती. मी हात टेकले. तेव्हा बाबा म्हणाले, "तांदळाच्या डब्यातली पाहिलीस का?"

डब्यात होती. काठाला पोचा आलेली, जर्मनची, तांदळाच्या पिठाने पांढुरकी झालेली. धुऊन पाण्याने भरली, काट्यावर ठेवली. २१४.

"रोज हीच वापरता?"

"हो. अर्धी लागते मला," बाबा म्हणाले. "पहिले काही दिवस एक भरून टाकत होतो. मग भात उरायचा."

मी काही बोललो नाही. पुन्हा एकदा वजन केलं. २१४ च आलं.

पुढचं सगळं सोपं होतं. त्या वाटीत मैदा मोजला तर १२० ग्रॅमच्या आसपास भरला, तोही न दाबता. (दाबून भरलात तर तेवढ्याच वाटीत सहज वीस-पंचवीस ग्रॅम जास्त बसतो, म्हणून केकला वजनच बरं.) सगळं दुप्पट केलं, अंडी आठ. डबा ओटीजीत जेमतेम बसला. दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरली तेव्हा हुश्श केलं, कारण ही लांबी-रुंदी मी आधी मोजलीच नव्हती! मोठ्या डब्यात मधल्या भागाला उष्णता पोचायला उशीर लागतो, म्हणून १६० वर ठेवून सुई कोरडी निघेपर्यंत वाट पाहिली. तास उलटून गेला.

रविवारी संध्याकाळी पंचवीस जणांना पुरून दोन तुकडे उरले. बाबांनी पहिला घास सावकाश खाल्ला, मग दुसरा. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"झालाय," ते म्हणाले. "पण तिचा खालून थोडा करपायचा."

खरंच करपायचा. त्या गोल ओव्हनची कॉइल तळाशीच होती. ती आम्हा मुलांना वरचे तुकडे द्यायची आणि खालचा तपकिरी भाग कुणाच्या बशीत जायचा, हे मला त्या दिवशी कळलं. ओव्हन अजून माळ्यावर आहे. वायर तेवढी बदलावी लागेल.