पाणी अडवल्यानंतर

मे महिना. माथ्यावर समतल चर खणून झाले, नाल्यातला गाळ निघाला. पंधरा दिवस पोकलेन थांबला नाही. जुलैत चर तुडुंब भरले तेव्हा सगळा गाव बघायला टेकडीवर चढला. मीही होतो.

पुढचा मार्च. विहिरी पुन्हा तळाला. पाऊस बरा झाला होता, पाणी मुरलेही होते. डिसेंबरात विहिरी भरलेल्या दिसल्या आणि ज्याने त्याने कांद्याचे क्षेत्र वाढवले, दोघांनी ऊस लावला. गावातल्या अक्का मला म्हणाल्या, "आप्पा, पाणी आलं आलं म्हणता, जातंय कुठं ते बघा की." चर किती मीटर झाले, हे वहीत नीट लिहिलेले होते. उपसा किती, हा रकानाच आखला नव्हता.

ठिबकाचेही तसेच. वाचलेले पाणी विहिरीत राहत नाही, शेजारच्या पडीक एकरात जाते. इंजिने कोळसा कमी खाऊ लागली की देशाचा कोळसा कमी नाही, उलट जास्तच जळतो, हे अर्थतज्ज्ञ जेव्हन्सने १८६५ मध्ये लिहून ठेवले आहे.

१९७२. डोनेला मेडोज आणि सहकाऱ्यांचे 'द लिमिट्स टु ग्रोथ' हे पुस्तक त्या वर्षी आले. आपल्याकडे त्याच वर्षी दुष्काळ. साठा, भर, उपसा आणि परिणाम दिसायला लागणारा उशीर, एवढ्या चार गोष्टी मेडोजकडून घेतल्या तरी विहिरीकडे वेगळ्या नजरेने पाहता येते. यातला उशीर सगळ्यात फसवा. डिसेंबरात केलेली चूक मार्चमध्ये कळते, तोवर पीक उभे असते आणि उभे पीक कोण सोडेल?

विलासराव साळुंखे. पुण्यातले इंजिनिअर, कारखानदार. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी माणसे खडी फोडताना पाहिली. मग पुरंदर तालुक्यात नायगावला देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन कराराने घेतली आणि तिथे पाणी अडवून दाखवले. इथपर्यंत बरेच जण पोचतात. मोठेपण पुढे आहे. त्यांच्या पाणी पंचायतीचे नियम बांधले गेले: पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने. माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. ऊस नाही. या नियमांनी एकाच वेळी उपशाला मर्यादाही घातली आणि न्यायही केला. त्यांच्याइतके साधे आणि कठीण मी दुसरे काही वाचलेले नाही. आणि ते चाळीस एकरांत राबल्यावर सुचले, आधी नाही.

हिवरे बाजार हे गाव बघायला जाणारे झाडी आणि बंधारे बघून येतात. बघण्यासारखा आहे तो पावसाळ्यानंतरचा हिशेब: पाऊस किती पडला, त्यातून माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला, उरलेल्यात कोणती पिके बसतात. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, हा निर्णयही तिथलाच. न घेतलेल्या बोअरचा फोटो निघत नाही.

या हिशेबाची दुसरी बाजूही लिहून ठेवतो, कारण तिथे मी स्वतः चुकलो. आराखडे पूर्ण होईपर्यंत काम नको, असा माझा हट्ट होता आणि त्यात दोन पावसाळे गेले. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून, झिजलेल्या थरातून चालते. कुठली भेग कुणाच्या विहिरीला मिळते, हे कागदावर बसून कळत नाही. एक बांध घालावा आणि खालच्या विहिरी दर पंधरा दिवसांनी मोजाव्यात. मग तो बांधच बोलू लागतो. आमचा ओढ्यावरचा बांध ज्याच्या शेतात आहे त्याच्या विहिरीला फार काही देत नाही, पलीकडच्या अक्कांच्या विहिरीला देतो.

ऑक्टोबर. दोरीला वीत-वीत अंतरावर गाठी मारल्या. अकरा विहिरी मोजल्या. बारावीच्या मालकाने मोजू दिली नाही. त्याच्याकडे पुन्हा जायचे आहे, या वेळी अक्कांना घेऊन. कांदा किती एकर, यावर रविवारी पारावर बैठक.