डॉक्टर दत्तक निघाला त्याची गोष्ट

मालिका बघता बघता तुम्हालाही कधीतरी जाणवलं असेल, की आज काहीतरी बिनसलंय. माणसं तीच, दिवाणखाना तोच, पण इतके दिवस सोशिक असलेली थोरली जाऊ एकाएकी खाष्ट बोलायला लागते, आणि जिच्यासाठी आपण वर्षभर डोळे पुसले ती सरळ परदेशी रवाना होते. मग कुणीतरी सांगतं, अहो, लेखक बदलला!

इंग्लंडमधल्या एका मालिकेत हे साठ वर्षं चाललेलं आहे, आणि तिथले प्रेक्षक अशा फेरफारांवरून अगदी हमरीतुमरीवर येतात. मालिकेचं नाव ‘डॉक्टर हू’. विज्ञानकथा म्हटल्यावर पान उलटू नका हं! परग्रह, राक्षस, यंत्रं हे सगळं त्यात आहेच. पण मला बोलायचं आहे ते त्यातल्या एका सापडलेल्या मुलाबद्दल.

आधी थोडी ओळख. ही मालिका बीबीसीवर सुरू झाली २३ नोव्हेंबर १९६३ रोजी. निर्माती होती व्हेरिटी लॅम्बर्ट, वय अवघं सत्तावीस. आणि पहिल्या कथेचा दिग्दर्शक होता वारिस हुसेन, आपल्या लखनौत जन्मलेला, तो तर चोविसाचाच. साठीच्या त्या साहेबी कचेरीत एक तरुण बाई आणि एक हिंदुस्थानी मुलगा! त्यांना काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल याची कल्पना तुम्ही-आम्ही करू शकतो. तर यातला डॉक्टर म्हणजे औषधं देणारा नव्हे. तो परग्रहावरचा, आपलं घर सोडून पळालेला, आणि एका निळ्या पोलिसी खोक्यात बसून काळातून हवा तिथे भटकणारा. पहिले नट विल्यम हार्टनेल यांची तब्येत ढासळली, तेव्हा १९६६ साली एक नामी युक्ती निघाली. हा डॉक्टर मरायला टेकला की त्याचं शरीर नवं होतं! चेहरा नवा, स्वभावही थोडा नवा, आठवणी मात्र जुन्या. एका माणसाच्या दुखण्यातून मालिकेला अमरपट्टा मिळाला तो असा.

मधे १९८९ साली ती बंद पडली. एक दूरचित्रपट सोडला तर २००५ पर्यंत बंदच होती. मग रसेल टी. डेव्हिस या लेखकाने ती पुन्हा उभी केली. तिकडे अशा माणसाला शोरनर म्हणतात. कथा कुठे जायची, कोण लिहिणार, कोण काम करणार, हे ठरवणारा. आपण त्याला सूत्रधार म्हणू या.

डेव्हिसने दोन गोष्टी केल्या. डॉक्टरचा गॅलिफ्रे हा ग्रह युद्धात भस्म झाला असं ठरवून त्याला जगात एकटं करून टाकलं. आणि त्याच्याबरोबर फिरणाऱ्या मुलीला घर दिलं. ही दुसरी गोष्ट मला फार मोठी वाटते. दुकानात काम करणारी रोझ, तिची विधवा आई जॅकी, साधी सरकारी चाळवजा वस्ती. रोझ डॉक्टरबरोबर जाते आणि बारा तासांत परत आलो असं समजून दार उघडते, तर प्रत्यक्षात बारा महिने लोटलेले असतात! आईने गावभर ‘बेपत्ता’ म्हणून कागद चिकटवलेले. ती जॅकी त्या विश्व वाचवणाऱ्या डॉक्टरच्या थोबाडीत देते. मी तर मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं मुली विश्वात भटकत होत्या, पण पाठीमागे भात झाकून ठेवून कोण बसलंय याचा विचार एवढा मन लावून त्याआधी कुणी केला नव्हता.

२०१० साली सूत्रं स्टीव्हन मॉफटकडे गेली. कोडी घालण्यात हा माणूस हुशार. पण एक भाग चुकला की पुढचे तीन डोक्यावरून जायचे. त्याने २०१३ मध्ये, मालिकेच्या पन्नासाव्या वाढदिवशी, तो जळालेला ग्रह वाचवून दाखवला. २०१८ मध्ये आला ख्रिस चिबनल. हा पोरवयातच या मालिकेचा भक्त. १९८६ साली टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात जाऊन त्याने मालिकेच्या लेखकांना तोंडावर नावं ठेवली होती! त्याने जोडी व्हिटेकर ही पहिली स्त्री-डॉक्टर आणली, फाळणीच्या पंजाबातली एक सुंदर कथा विनय पटेलकडून लिहवून घेतली, आणि २०२० मध्ये तो ग्रह पुन्हा जाळला. एकाने जाळला, दुसऱ्याने वाचवला, तिसऱ्याने परत जाळला. घरात नवी सून आली की फडताळातल्या डब्यांच्या जागा बदलतात, हे आपल्याला ठाऊक आहे. इथे तर अख्खा ग्रह!

पण खरा भडका उडाला तो १ मार्च २०२० च्या भागाने. त्यात कळलं, की डॉक्टर मुळात गॅलिफ्रेवरची नव्हेच. टेक्टिऊन नावाच्या एका संशोधक बाईला ती कुठल्याशा परक्या ग्रहावर एकटीच सापडली होती. बाईने तिला उचलून घरी नेलं, आपली म्हणून वाढवलं. पोर एकदा खेळता खेळता कड्यावरून पडली, आणि तिचं शरीर आपोआप नवं झालं. ते बघून त्या आईने काय करावं? मुलीवर प्रयोग! तिची ती शक्ती शोधून काढली, आपल्या लोकांना वाटली, आणि पुढे मुलीच्या आठवणीच पुसल्या गेल्या.

आता मला सांगायलाच हवं. आमची लेक दत्तक आहे. आठ महिन्यांची होती तेव्हा आम्ही तिला घरी आणली, आणि समजायला लागल्यापासून तिला ते माहीत आहे. ही मालिका आमच्या घरात आली ती तिच्यामुळेच. तो भाग पाहिला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. मी तिच्या शेजारी बसले होते आणि माझ्या हातापायांतलं बळ गेलं होतं. दत्तक आई दाखवायची तर ही अशी? मुलाला वापरून घेणारी?

लोक चिडले ते वेगळ्याच कारणासाठी. त्यांचं म्हणणं, डॉक्टर आपला साधा, घर सोडून पळालेला भटक्या होता, त्यातच गंमत होती. आता त्याला कुणी दैवी मूल करून ठेवलंत. हे म्हणणं मला पटतं. कथा सांगण्याची रीतही चुकलीच, कारण खलनायक उभा राहून सगळं पुराण सांगतो आणि आपली नायिका नुसती ऐकत राहते. पण काहींच्या बोलण्यात दुसराच सूर होता. ‘म्हणजे डॉक्टर खरी गॅलिफ्रेची नाहीच तर!’ हे ‘खरी’ मी ओळखते. आमच्या एका नातेवाईक बाईंनी बारशालाच ते ऐकवलं होतं, पेढा खाता खाता.

पुढे २०२१ मध्ये त्या पुसलेल्या आठवणी एका घड्याळात बंद केलेल्या डॉक्टरच्या हाती लागतात. उघडलं की सगळं कळणार. ती ते उघडत नाही. आपल्या निळ्या खोक्याला सांगते, हे खोल कुठेतरी ठेव, मी मागेन तेव्हाच दे. चिबनलने प्रश्न उभा केला आणि असा माळ्यावर टाकून दिला, म्हणून टीका झाली. आमच्या लेकीने मात्र त्या रात्री जेवताना विचारलं, “आई, माझी फाईल कुठे असते गं?”

“कपाटात, वरच्या कप्प्यात. बाबांच्या विम्याच्या कागदांखाली.”

“बरं. असू दे तिथेच. जागा बदललीस तर सांग.”

आणि तिने आमटी वाढून घेतली.

२०२३ मध्ये डेव्हिस परत आला. सगळ्यांची खात्री होती, की हा ती दत्तकाची भानगड पुसून टाकणार. त्याच्या हातात होतं ते, आणि लोकांनी दुवाच दिला असता. त्याने पुसलं नाही. त्या वर्षीच्या नाताळच्या भागात नवा डॉक्टर, शूटी गॅटवा, भेटतो रूबी नावाच्या मुलीला. नाताळच्या आदल्या रात्री तिला कुणी चर्चच्या दाराशी ठेवून गेलेलं. कार्ला नावाच्या बाईने तिला वाढवलं. या कार्लाने एकूण तेहतीस मुलं सांभाळलेली, आणि प्रत्येकाचा फोटो तिच्या फ्रिजवर. डॉक्टर रूबीला अगदी सहज सांगून टाकतो, मीसुद्धा दत्तकच. मोठी वाद्यं वाजत नाहीत, कुणी कोसळत नाही. आमची लेक नुसतं “हं” म्हणाली आणि पाय वर घेऊन नीट बसली.

त्याच भागात रूबी काळातूनच नाहीशी होते, म्हणजे ती त्या घरी कधी आलीच नव्हती असं होतं. तेव्हाची कार्ला बघवत नाही. चेहरा कडवट, मुलं सांभाळायची ती पैशांसाठी, आणि फ्रिजचं दार रिकामं. मूल नसतं आलं तर आईचं काय झालं असतं, हे दाखवणारा मला तो पहिला भेटला. आम्हाला तर सगळे उलटंच म्हणत आले, “बघा, पोरीचं कल्याण केलंत!”

रूबीची जन्मदाती कोण, यावर लोकांनी सहा महिने तर्क लढवले. देवी असेल, राक्षसीण असेल. जून २०२४ मध्ये कळलं, की ती एक साधी बाई, तेव्हा पंधरा वर्षांची घाबरलेली पोर होती. पुष्कळांचा विरस झाला. ‘एवढ्यासाठी एवढं ताणलं?’ मला विचाराल तर, मला तेच हवं होतं. पंधरा वर्षांची पोर. कितीदा मी तिचा विचार केला आहे. तिला थंडी वाजत असेल का, घरचे बोलत असतील का. मालिकेत ती बाई कार्लाच्या घरी येते तेव्हा मी लेकीकडे बघितलं नाही.

ते घड्याळ अजून उघडलेलं नाही. पुढे कुणी नवा सूत्रधार आला की त्याला ते खोक्यात सापडेलच. यावर आमच्याकडे दर रविवारी वाद होतो. हे म्हणतात, एकदाचं उघडा आणि मोकळे व्हा. मलाही तसंच वाटतं. लेक म्हणते, डॉक्टरने मागितल्याशिवाय सूत्रधाराने त्याला हात लावायचं काही कारण नाही.