तो आकडा मीच भरला होता

मागच्या शनिवारी राहुरीला घरी गेलो होतो. चहाचा कप हातात येतो न येतो तोच धाकटा चुलतभाऊ मोबाईल घेऊन हजर. यंदाच इंजिनिअर झालाय आणि पुण्यातल्या एका कंपनीची ऑफर नाकारून बसलाय.

"दादा, नेटवर त्यांचाच फ्रेशरचा आकडा बघ, सहा लाख! मला साडेचार देत होते."

ती कंपनी म्हणजे माझी पहिली नोकरी. आकड्याखाली बारीक अक्षरात होतं, 'तीन जणांच्या माहितीवरून'. त्या तिघांतला एक मी!

झालं असं होतं, की स्वतःचा पगार भरल्याशिवाय ती साइट दुसऱ्यांचे दाखवत नव्हती. मी भरला. ४.२ लाख फिक्स्ड, एक लाख व्हेरिएबल (जे पूर्ण कधीच मिळालं नाही), ५० हजार जॉइनिंग बोनस. झाले ५.७, म्हणून ठोकले सहा! त्या ४.२ मध्येसुद्धा कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि पाच वर्षं टिकलो तरच मिळणारी ग्रॅच्युइटी होती. हातात यायचे महिन्याला जेमतेम ३० हजार.

मग पक्का आकडा असतो कुठे? मर्सर, एऑनसारख्या कंपन्या थेट एचआरकडून पगाराचा डेटा घेतात. तो जास्त भरवशाचा, पण रिपोर्ट जातो एचआरकडे, आपल्याकडे नाही. शिवाय एका कंपनीतला 'सीनियर' दुसरीकडे ज्युनिअर असतो, ती जुळणी अंदाजानेच होते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना मात्र २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार संचालकांचा पगार मध्यम कर्मचाऱ्याच्या किती पट आहे ते वार्षिक अहवालात छापावं लागतं. त्यावरून मध्यम पगार काढता येतो, तोही फुकटात. पण त्यात फ्रेशरपासून मॅनेजरपर्यंत सगळे एकत्र, त्यामुळे फ्रेशरला त्याचा उपयोग कमीच.

वडील शेजारी बसून ऐकत होते. वांबोरीच्या बाजारात कांदा विकण्यात त्यांची हयात गेली. म्हणाले, "अरे, बाजारभावात किमान, कमाल, सर्वसाधारण असे तीन भाव असतात, शेजारी आवक असते. कमाल भाव एखाद्या वक्कलाला मिळतो, गावभर चर्चा मात्र त्याचीच. आणि त्यातूनही हमाली, तोलाई, गाडीभाडं जातं. भाव नको सांगू, पट्टी दाखव!"

एवढ्या वर्षांत सीटीसी आणि इन-हँडमधला फरक मला कुणी इतक्या थोडक्यात सांगितला नव्हता.

मग भावाला खरं काय ते सांगितलं. तो काही बोलला नाही, ते जास्त लागलं. माझी पहिली सॅलरी स्लिप मेलमधून शोधून त्याला दाखवली, साइटवरची नोंद काढून टाकली. त्याने एचआरला पुन्हा मेल टाकलाय. उत्तर अजून आलेलं नाही.

असो. तुम्ही कुठे पगार भरला असेल, तर एकदा जाऊन बघा. आणि ऑफर हातात असेल, तर तिथल्या दोघा-तिघांना विचारा. आकडा नाही, स्लिप.