देवा, 'जी' ९८० येऊ दे!

गेल्या शनिवारी सकाळी मस्त उशिरा उठून चहाचा दुसरा कप घेऊन बसलो होतो, तेवढ्यात धाकटी मावसबहीण दप्तरासकट हजर. यंदा अकरावी सायन्स. क्लास, कॉलेज आणि पुन्हा क्लास हा तिचा दिनक्रम मी लांबून बघत असतो. (त्यापुढे आमची रिलीजच्या आठवड्यातली धावपळ म्हणजे पिकनिक!) तिनं फिजिक्सचं जर्नल माझ्यापुढे टाकलं आणि थेट मुद्द्यावर आली.

"दादा, ९८० येईल अशी रीडिंग्ज काढून दे ना."

"म्हणजे?"

"सिंपल पेंड्युलम रे. माझा 'जी' ९६१ आलाय. बाकी सगळ्यांचा ९८०."

हे 'बाकी सगळ्यांचा ९८०' ऐकलं आणि मी एकदम माझ्या अकरावीच्या लॅबमध्ये जाऊन पोचलो. ज्यांनी सायन्स सोडून बरीच वर्षं झाली त्यांच्यासाठी थोडक्यात: एका दोऱ्याला धातूचा छोटा गोळा टांगायचा, हलकेच झोका द्यायचा, २० झोक्यांना किती सेकंद लागतात ते स्टॉपवॉचवर बघायचं. दोऱ्याची लांबी बदलून पुन्हा तेच. मग लांबी आणि वेळ सूत्रात घातले की गुरुत्वीय त्वरण, म्हणजे 'जी' मिळतो. पुस्तकात तो ९८० सेंटीमीटर प्रति सेकंद वर्ग असा छापलेला असतो. आणि इथेच सगळा घोळ आहे. उत्तर आधीच माहीत असेल तर झोके मोजतंय कोण?

आमच्या बॅचमध्ये यासाठी एक तज्ज्ञ होता. ९८० पासून सुरुवात करून उलटं गणित करायचा, वेळ काढायचा आणि दशांशचिन्हानंतरचा आकडा जरा इकडेतिकडे करायचा, म्हणजे खरं वाटतं. त्याच्या रीडिंग्जवर चार ग्रुप तरले. तो तज्ज्ञ म्हणजे अस्मादिक!

जर्नल चाळताना पहिल्याच पानावर एक छापील कागद चिकटवलेला दिसला. 'विद्यार्थ्यांकडून अपेक्षा'. वेळेवर यावे. हजेरी ७५ टक्के हवी. जर्नलला खाकी कव्हर असावे. आकृत्या पेन्सिलीने काढाव्यात. उपकरणे मोडल्यास भरपाई द्यावी. मागच्या प्रयोगावर सही घेतल्याशिवाय पुढचा प्रयोग करू नये. लॅबमध्ये मोबाईल वापरू नये. मोजून सात अपेक्षा आणि एकही चुकीची नाही. पण 'जे दिसलं तेच लिहावं' ही कुठेच नाही. सरांना ते सांगायची गरज वाटत नसेल. आणि मुलांना न सांगता कळतं की ९८० आणायचाय. बारावीच्या बोर्डात फिजिक्सच्या १०० पैकी ३० मार्क प्रॅक्टिकलचे, त्यात कोण कशाला रिस्क घेईल?

मी तिला म्हटलं, "नाही देणार."

"का? मावशी म्हणते तू पण हेच करायचास." (आईनं हे कधी सांगितलं देव जाणे.)

मग तिला एक गोष्ट सांगितली, जी घरी कुणालाच माहीत नव्हती. नोकरीतलं दुसरं वर्ष. एका क्लायंटच्या सिस्टिमची लोड टेस्ट माझ्याकडे होती. दहा वेळा टेस्ट चालवायची आणि वेळा लिहायच्या. नऊ वेळा दोन सेकंदांच्या आसपास उत्तर आलं, एकदा अकरा सेकंद. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, सकाळी रिपोर्ट द्यायचा होता. म्हटलं, नेटवर्कनं गोंधळ घातला असेल. ती अकराची ओळ उडवली, टेस्ट अजून एकदा चालवली, दोन सेकंद आले, ते तिथे लिहिले. हात सरावलेला होता ना! टेबल कसं देखणं दिसत होतं.

महिनाअखेरीला तीच सिस्टिम रात्री चार तास बंद पडली. ठरलेल्या वेळेला एक दुसरा जॉब चालू व्हायचा आणि डेटाबेसचं एक टेबल अडवून धरायचा. माझी अकरा सेकंदांची ओळ नेमकी हेच सांगत होती. रिपोर्टवर सही आमच्या लीडची होती. क्लायंटच्या कॉलवर पाऊण तास बोलणी त्यानं खाल्ली आणि मी शेजारच्या खुर्चीत म्यूटवर बसून होतो. त्याला खरं सांगायला मला आठवडा लागला. तो चिडला नाही. फक्त म्हणाला, "ती ओळ ठेवली असतीस, तर आपण शोधलं असतं रे." चिडला असता तर बरं झालं असतं.

बहीणबाईंवर या कथेचा फारसा परिणाम झाला नाही. "पण माझा ९६१ चूकच आहे ना?" हा तिचा प्रश्न. रास्त होता. मग दोघं तिची रीडिंग्ज घेऊन बसलो.

६० सेंटीमीटर लांबीला २० झोके ३१.४ सेकंदांत, ८० ला ३६.२, १०० ला ४०.४. त्यावरून 'जी' अनुक्रमे ९६१, ९६४ आणि ९६८. मी तिला म्हटलं, नीट बघ, आकडे कसेही भरकटलेले नाहीत. लांबी वाढली की उत्तर ओळीनं वर सरकतंय. म्हणजे अशी काहीतरी चूक आहे, जी छोट्या लांबीला जास्त टोचते.

पाचेक मिनिटं पेन चावून झाल्यावर ती एकदम ओरडली, "दोरा! मी नुसता दोरा मोजला!"

करेक्ट. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते. तिनं दोरा गोळ्याला बांधलाय तिथपर्यंतच मोजली होती. गोळ्याची त्रिज्या, साधारण एक सेंटीमीटर, राहून गेली. १०० मध्ये एक सेंटीमीटर म्हणजे एक टक्का, पण ६० मध्ये दीड टक्क्याच्या वर. मग आडव्या अक्षावर लांबी आणि उभ्या अक्षावर वेळेचा वर्ग घेऊन आलेख काढला. सगळ्या लांब्या सारख्याच एका सेंटीमीटरनं कमी असल्या, तर रेषा बाजूला सरकते, पण तिचा चढ बदलत नाही. त्या चढावरून 'जी' आला साडेनऊशे सत्त्याहत्तर... चुकलो, ९७७.५! (नशिबाचाही भाग आहे. स्टॉपवॉच दाबण्यात थोडा जरी उशीर झाला तरी यात सहज पाच-दहाचा फरक पडतो.)

आता खरी गंमत. पुण्यात 'जी' ९८० नाहीच! ९८०.६६५ ही प्रमाण मानलेली किंमत साधारण ४५ अंश अक्षांशाजवळची, समुद्रसपाटीची. पुणे विषुववृत्ताच्या बरंच जवळ, शिवाय सुमारे ५६० मीटर उंचीवर. इथे तो ९७८ च्या थोडासा वर भरतो. म्हणजे आख्ख्या वर्गानं बिनचूक लिहिलेला आकडा त्या लॅबचा नव्हताच.

आणि ही जागेजागेची तफावत सापडली कशी? १६७२ मध्ये ज्याँ रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला होता. पॅरिसमध्ये बरोबर चालणारं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. तो 'समुद्राच्या हवेनं बिघडलं असेल' म्हणून गप्प बसला असता तर? त्यानं फरक मोजला आणि लिहून ठेवला. पुढे १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'मध्ये न्यूटननं अशाच निरीक्षणांचा आधार घेऊन मांडलं की पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे. रिशेची अकरा सेकंदांची ओळ म्हणजे ती अडीच मिनिटं.

बहीणबाईंनी शेवटी जर्नलात खरी रीडिंग्ज लिहिली, आलेख चिकटवला आणि खाली दोन ओळींत आपली चूकही लिहिली. गुरुवारी रात्री फोन आला.

"दादा, पाचपैकी चार. ९८० वाल्यांना पाच. तुझ्यामुळे एक मार्क गेला."

काय बोलणार? खरंच गेला होता. सॉरी म्हटलं.

"सरांनी आलेख बघितला मात्र," ती म्हणाली. "दोनदा बघितला. मग विचारलं, क्लासच्या नोट्समधलं आहे का? मी म्हटलं, नाही, माझं आहे."

थोडा वेळ दोघंही गप्प.

"पुढच्या प्रॅक्टिकलला थोडा वेळ मागितलाय. गोळ्याचा व्यास व्हर्नियरनं मोजणारे. तू म्हणालास एक सेंटीमीटर, पण मोजला कुठे होतास?"

खरं आहे. मोजला नव्हता!