रात्रीची कॅप्सूल



मागच्या वर्षी माझ्या धाकट्या जावेला डिप्रेशन आलं. मुलगा-सून पुण्याला गेले, घर रिकामं झालं आणि ती मंदिरातही कोपऱ्यात गप्प बसू लागली. मीसुद्धा आधी उपदेशच केला, "जाप वाढव, स्वाध्यायाला ये." आता ते आठवलं की वाईट वाटतं.

शेवटी डॉक्टरांकडे नेलं. दोन मिनिटांत चिठ्ठी हातात आली: रोज रात्री झोपताना एक कॅप्सूल, महिन्याने या. महिन्याने काहीच फरक नाही, म्हणून डोस वाढला. नवी पाकिटं ठेवायला तिचं कपाट उघडलं. मी पडले बी.कॉम., मोजल्याशिवाय राहवत नाही. जुन्या ३० पैकी २६ तशाच!

"अक्का, सूर्यास्तानंतर मी पाणीसुद्धा घेत नाही. आणि ते वरचं आवरण कशाचं असतं, तुम्हीच सांगा."

बहुतेक कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचं. तरी चार दिवस तिने दिवस मावळायच्या आत घेऊन पाहिली होती. मळमळलं, मग सोडली.

"डॉक्टरांना का नाही सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं कुठं?"

नियमात औषधाची सूट ठेवता येते, हे मी तिला सांगू शकले असते. पण घरातही कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा विचारलं, "जेवता केव्हा?" कॅप्सूलऐवजी साधी गोळी, सकाळी न्याहारीनंतर. (तिच्या औषधाला सकाळ चालते. प्रत्येक औषधाचं तसं नसतं, आपापल्या डॉक्टरांना विचारा.) पहिले काही दिवस मळमळेल, फरक कळायला दोन ते चार आठवडे लागतील, या गोळीचं व्यसन लागत नाही, बरं वाटलं तरी निदान सहा महिने चालू ठेवायची आणि मनाने एकदम बंद करायची नाही, हे सगळं त्यांनी तिलाच समजावलं, मला नाही. आठव्या दिवशी दवाखान्यातून फोनही आला. दशलक्षणात तिला दहा उपवास करायचे होते. बाई रागावल्या नाहीत. दोघींनी मिळून ठरवलं: यंदा एकाशन, आणि त्याच जेवणानंतर गोळी.

गोव्यात सरकारी आरोग्य केंद्रांत 'मानस' नावाचा अभ्यास झाला होता, २०१० साली प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेले, पण शिकवून तयार केलेले तिथलेच समुपदेशक रुग्णाला आजार समजावत आणि पाठपुरावा करत. त्या केंद्रांत जास्त लोक बरे झाले. वाचून मला नवल वाटलं नाही.

जाऊ आता स्वाध्यायाला येते, कधी कधी वादही घालते. गेल्या महिन्यात पट्टीत एक गोळी उरली. मी नुसतं बघितलं, तर म्हणाली, "गुरुवारी विसरले, अक्का. लिहा तुमच्या वहीत."