जुने टेबल, नवा ओटा



आमच्या इथल्या स्वयंपाकघरात ओटा अगदीच तोकडा. चपात्या लाटायच्या तर पोळपाट ठेवायलाही जागा नाही. म्हणून जुन्या टेबलाची फळी ओट्यावर बसवायचे आम्ही नवरा-बायकोने ठरवले. आइम्सब्युटेल भागात एक आजीबाई घर रिकामे करत होत्या. त्यांच्याकडे ओक लाकडाचे जाडजूड टेबल मिळाले.

टेबल उचलताना बाई सहज बोलून गेल्या, "वडिलांनी १९४२ साली लिलावात घेतलं होतं." आम्ही एकमेकांकडे पाहतच राहिलो.

बालवाचकांनो, २५ ऑक्टोबर १९४१ रोजी इथल्या हानोव्हर स्टेशनातून हॅम्बर्गच्या ज्यू लोकांची पहिली गाडी पोलंडमधील लोड्झच्या घेट्टोकडे नेली. त्यानंतर आणखी गाड्या गेल्या. त्या जागी २०१७ पासून स्मारक आहे. गेलेल्यांचे घरसामान, अगदी भांडी नि अंथरुणेसुद्धा, सरकारने जप्त करून लिलावात विकले. आमचे टेबल त्यातलेच, असे म्हणायला पुरावा नाही. पण मनातून ते जाईना. आठवडाभर टेबल बाल्कनीत तसेच पडून होते.

शेवटी कामाला लागलो. तोंडाला मास्क बांधून जुने वॉर्निश पात्याने खरवडले. मग ८०, १२० आणि १८० नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच फिरवला. आडवा फिरवला की ओरखडे उठतात. सुरीचे जुने वार मात्र राहू दिले. कोणीतरी तिथे भाजी चिरली असेल ना!

नंतर जवसाचे खायचे शुद्ध तेल. पातळ लावायचे, अर्ध्या तासाने जास्तीचे पुसायचे आणि वाळू द्यायचे. असे चार हात दिले. एक सूचना: तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा.

वडीलधाऱ्यांना सांगायला नकोच, कोकणात आपले पूर्वज घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. तेव्हा तेलाचे हे काम आम्हाला जमले, यात नवल ते काय!

फळीची खालची बाजू मात्र आम्ही घासली नाही. तिथे पेन्सिलीने लिहिलेला एक आकडा आहे. सुताराचा असेल, नाहीतर लिलावाचा. आजीबाईंनी सांगितलेले आम्ही कागदावर उतरवले आणि सही मागितली. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग सही केली. तो कागद ओट्याखालच्या खणात आहे. उद्या कोणी विचारायला आले, तर निदान एवढे तरी दाखवता येईल.

शुक्रवारी या ओट्यावर पहिल्या चपात्या लाटल्या. तुमच्याही घरी जुनी वस्तू असेल तर ती घासण्याआधी कुठून आली ते लिहून ठेवा. लाकूड पुन्हा घासता येते, पण सांगणारे माणूस पुन्हा भेटत नाही.