नांव आणि जागा

‘पंचतारांकित’ हा शब्द कानीं पडला कीं आमच्या घरीं येणाऱ्या पाहुण्यांच्या डोळ्यांपुढें गालिचे आणि झुंबरें उभीं राहतात. मी कागलच्या पंचतारांकित वसाहतींत नोकरीला जातों असें ऐकून त्यांना माझा हेवा वाटतो. ती वसाहत हॉटेलांची नसून कारखान्यांची आहे, आणि आमच्या वांट्याला तेथें तापलेल्या वाळूचा व वितळलेल्या बिडाचा वास येतो, हें सांगून मी त्यांचा हिरमोड करतों.

आमचें काम ओतीव भागांचीं ड्रॉइंगें काढण्याचें. प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यांत खालीं एक चौकट असते. तींत भागाचा क्रमांक, बिडाचा दर्जा, वजन, काढणाराचें नांव आणि तपासणाराचें नांव लिहावयाचें. १९८२ सालीं निघालेल्या ऑटोकॅड ह्या प्रणालींत ही चौकट दर वेळीं नव्यानें आखावी लागत नाहीं. ती एकदां ‘ब्लॉक’ म्हणून बांधून ठेवली कीं शंभर ड्रॉइंगांत बसवितां येते. रेघा सर्वत्र त्याच. मजकूर तेवढा निराळा. ह्या बदलत्या मजकुराच्या जागांना ‘ॲट्रिब्यूट’ म्हणतात.

ब्लॉक बसवितांना संगणक एकेक प्रश्न विचारतो. दर्जा कोणता? वजन किती? कोणीं काढलें? शंभर ड्रॉइंगांसाठीं शंभर वेळां तीं उत्तरें देण्याचा मला कंटाळा आला. १९८६ सालापासून ह्या प्रणालींत ऑटोलिस्प नांवाची एक छोटी भाषा आहे. तिच्यांत मीं एक प्रोग्राम लिहिला. तो यादींतून माहिती उचली, चौकट बसवी आणि सारीं उत्तरें परस्पर देऊन मोकळा होई. दुपारभराचें काम चहा निवण्याआधीं होऊं लागलें, आणि मी स्वतःवर फार खूष झालों.

त्यांत एक खोट होती. माझा प्रोग्राम प्रश्न वाचीत नसे. तो केवळ क्रमानें उत्तरें देई. चौथें उत्तर काढणाराचें, पांचवें तपासणाराचें. आतां हा क्रम कागदावरच्या जागांवरून ठरत नाहीं. ब्लॉक बांधतांना ज्या क्रमानें त्या जागा निवडाव्या, त्या क्रमानें प्रश्न येतात. एका गिऱ्हाइकाच्या आग्रहास्तव मीं चौकट नव्यानें बांधली, आणि शेवटीं माझा हात आधीं तपासणाराच्या जागेवर पडला. प्रोग्राम जुन्याच क्रमानें बोलत राहिला. आकडे सारे बरोबर राहिले. दोन नांवांची तेवढी अदलाबदल झाली. आणि आकडे सगळे पाहतात, नांवें कोण वाचतो?

पुढें एक माल परत आला. ‘एफजी २६०’ हव्या असलेल्या भागावर ‘एफजी २००’ असा दर्जा छापला होता. हा आकडा बीड किती ताण सोसेल तें सांगतो. तेव्हां चूक लहान नव्हती. यादी भरणारा पोरगा सहा महिन्यांपूर्वीं लागलेला. तपासणारा मी. पण साहेबांनीं ड्रॉइंग उलगडलें तों ‘तपासणारा’ ह्या शब्दापुढें त्या पोराचें नांव!

“तपासलेंस तें काय?” साहेबांनीं विचारलें. छापील नांवाशीं वाद कसा घालावा हें त्याला सुचलें नाहीं. “चूक झाली, साहेब,” एवढेंच तो म्हणाला. मी शेजारच्याच टेबलाशीं होतों. काय घडलें असावें तें मला एका क्षणांत उमगलें. आणि मी गप्प बसलों.

ती रात्र बरी गेली नाहीं. सकाळीं मीं साहेबांच्या खोलींत जाऊन दोन्ही गोष्टी सांगितल्या: प्रोग्राम कसा चुकला, आणि मी कसा चुकलों. पहिली समजावयाला त्यांना बराच वेळ लागला; दुसरी त्यांना तत्काळ समजली.

बाहेर तो पोरगा उभा होता. “सर, दर्जा तर मींच चुकीचा भरला होता,” तो म्हणाला.

“म्हणूनच तपासणारा ठेवलेला असतो,” मी म्हणालों.

प्रोग्राम अर्ध्या दिवसांत सुधारला. प्रत्येक ॲट्रिब्यूटला स्वतःचें एक नांव असतें. त्याला ‘टॅग’ म्हणतात. ब्लॉक बसला कीं त्याच्यामागून त्याचे ॲट्रिब्यूट रांगेनें येतात. माझा प्रोग्राम आतां त्या रांगेंतल्या प्रत्येकाला त्याचा टॅग विचारतो आणि मगच त्याच्या हातीं त्याचें उत्तर देतो. क्रम कितीहि बदलला तरी बिघडत नाहीं.

परंतु आधीं बसविलेल्या चौकटींतला मजकूर ह्यानें बदलत नाहीं. तो ज्याचा त्याच्याजवळ राहतो. तो बदलणारा दुसरा प्रोग्राम लिहितां आला असता. मीं तो लिहिला नाहीं. त्या आठवड्यांत रोज संध्याकाळीं मी तासभर मागें थांबलों, एकेक ड्रॉइंग उघडलें, आणि ‘तपासणारा’ ह्या शब्दापुढें आपल्या हातानें आपलें नांव घातलें. ह्या खेपेला मात्र नांव घालण्यापूर्वीं मीं प्रत्येक आकडा वाचला.